जेवणाच्या टेबलावरचा मुका कुकर

माझे सासरे सफरचंद कधी चिरून खात नसत. सकाळचा चहा झाला की ते एक फळ निवडत, पंच्याने पुसत, खिडकीच्या उजेडात जवाहिऱ्यासारखे फिरवून पाहत आणि मग सरळ दातांनी तोडत. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या त्या टेनामेंटमध्ये, शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेल्या घरात, मी सून होऊन आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तो आवाज ऐकून मला वाटले, अंगणात कुणी वाळकी फांदी मोडली. मागोमाग एक ओलसर, आंबटगोड वास दिवाणखान्यात तरंगत आला आणि सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “झालं यांचं. आता दूध तापवायला हरकत नाही.”

नव्वदीचे दशक तेव्हा उतरणीला लागले होते. बाजारातल्या सफरचंदांवर इवल्या रंगीत चकत्या चिकटवलेल्या येऊ लागल्या होत्या. सासूबाई त्या नखाने अलगद सोडवत आणि फ्रिजच्या दारावर ओळीने लावत. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. फ्रिजच्या दाराचा निम्मा भाग असा परदेशी चकत्यांनी सजला, त्याच सुमारास सासऱ्यांचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढले. हिरड्या भरून आल्या की कवळी मिळणार होती. तोवर धीर धरायचा होता.

दातांबरोबर त, थ, द, ध ही मंडळीही घर सोडून गेली. व्याकरणाच्या वर्गात मी वर्णांची उच्चारस्थाने घोकली होती. पण वर्णांनाही राहायला घर लागते, आणि ते पाडले की बिचारे उघड्यावर येतात, हे मला सासऱ्यांच्या तोंडून कळले. ते स्वतः हे उघड्यावर येणे मुळीच सहन करायला तयार नव्हते. त्यांच्या आधीच्या पिढ्या संस्थानच्या दप्तरात होत्या, ते स्वतः महसूल खात्यात. चारचौघांत तोंड उघडायचे ते नीट उघडायचे, असा त्यांचा बाणा. आता ते बोलताना हातरुमाल ओठांपुढे धरू लागले, शेजाऱ्यांच्या ‘जय श्री कृष्ण’ला वर्तमानपत्राआडून मान डोलवू लागले, आणि जेवणाचे ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागले. दार लोटून घेत. आत काय चालते ते फक्त कानांना कळे: वाटीवर चमचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा वाटीवर चमचा.

टेबलाच्या टोकाची, फ्रिजजवळची त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. सासूबाई नेहमीप्रमाणे तिच्यासमोर बसत. पण त्यांचे जेवण आटले. अर्धी पोळी ताटात राही, भात राहून जाई.

“आई, भात घ्या ना,” मी म्हणत असे.

“एकटीला घास उतरत नाही गं,” त्या म्हणत. मी आणि माझा नवरा त्यांच्या दोन्ही हातांना बसलेलो असायचो.

त्यांनी सासऱ्यांना परत टेबलाशी आणायचे नाना प्रयत्न केले. मऊ भात, शिकरण, दुधात कुस्करलेली पोळी, सारे टेबलावर मांडून हाका मारल्या. सासरे येत, ताट उचलत, जात. शेवटी त्यांनी सफरचंद किसून, वर साखर भुरभुरून चांदीच्या वाटीत ठेवले. वाटी जशीच्या तशी परत आली.

“किसलेलं सफरचंद तापकऱ्यांना देतात,” दारामागून आवाज आला. “आणि बाळांना. मी दोन्हीपैकी कुणी नाही.”

सासूबाईंनी तो कीस उभ्याउभ्याच खाऊन टाकला आणि वाटी घासायला टाकली.

रविवारी अमेरिकेहून नणंदेचा फोन आला. फोन इतक्या लांबचा असल्यामुळे सासूबाई नेहमी ओरडून बोलत, जणू मध्ये समुद्र आहे म्हणून आवाज त्याच्यावरून फेकायला हवा. दातांची, खोलीची, किसलेल्या सफरचंदाची सगळी कहाणी त्यांनी तशीच फेकली. सोसायटीतल्या निम्म्या घरांना ती पोचली असावी.

“अगं आई, मी दिलेला स्लो कुकर आहे ना? त्यात ॲपल बटर कर. इथे सगळे नाश्त्याला ब्रेडवर लावून खातात. चावायला काही लागत नाही.”

“म्हणजे मोठी माणसं खातात?”

“मोठी मोठी माणसं खातात, आई.”

“आणि लोणी किती घालायचं?”

“लोणी नसतं त्यात. नुसतंच नाव.”

सासूबाईंचा चेहरा उजळला. सफरचंद, पण आजाऱ्याचे नाही, बाळाचे नाही. टाय लावलेली माणसे कामावर जाण्याआधी खातात असे. नणंदेने कृती भराभर सांगितली. फोडी करायच्या, थोडी साखर, दालचिनी, दोन लवंगा. “मग झाकण लाव, बटण फिरव आणि विसरून जा. दिवसभर बघायचंही नाही. फक्त शेवटी झाकण...” एवढ्यात फोन कटला.

“शेवटी झाकण काय?” सासूबाईंनी मला विचारले.

“लावायचं असेल,” मी म्हणाले.

स्लो कुकर माळ्यावर होता. नणंदेने दोन सुट्ट्यांपूर्वी तो कपड्यांत गुंडाळून आणला होता आणि तेव्हापासून त्याच्या खोक्यात दिवाळीच्या पणत्या राहत होत्या. पणत्यांचे बिऱ्हाड हलवून आम्ही त्याला खाली काढले. चिनी मातीचे जाड, अंडाकृती भांडे, वर काचेचे घुमटासारखे झाकण, बाहेरून निळी फुले. तिकडची वीज आपल्यापेक्षा सौम्य असते, म्हणून त्याच्यासोबत एक ट्रान्सफॉर्मरही होता, विटेएवढा, पण उचलला की खांद्यातून कळ जावी असा. तो ठेवायला भक्कम जागा आणि जाड पिनेचा प्लग हवा होता. तसा प्लग घरात एकच मोकळा होता, फ्रिजशेजारी. कुकरची वायर आखूड. नवऱ्याने सोमवारी ऑफिसला जाण्याआधी सगळे ओढून, ताणून, मोजून पाहिले आणि जाहीर केले की कुकर एकाच ठिकाणी बसू शकतो. टेबलाच्या टोकाला, बाबांच्या खुर्चीसमोर.

“बसू दे,” सासूबाई म्हणाल्या. “नाहीतरी रिकामीच आहे जागा.” आणि हे ऐकू जावे इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

बटण फिरवले. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. कुकर मात्र गप्प. ना ज्योत, ना आच, ना उकळीचा सळसळाट. सासूबाई हात मागे बांधून त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी आयुष्यभर अन्न कानांनी शिजवले होते. मोहरी तडतडली की पुढचे, भाजी चुरचुरली की त्याच्या पुढचे, आणि डाळ तर शिट्ट्यांवर.

“याची शिट्टी कधी होते?”

“याला शिट्टी नाही, आई.”

“कुकर आहे ना?”

“आहे.”

“मग मुका आहे म्हणायचा,” त्या म्हणाल्या, आणि ‘मुका’ हेच त्याचे नाव पडले.

आता विसरून जायचे होते. पण या घरात चुलीवर ठेवलेले विसरणे हा एकमेव असा गुन्हा होता ज्याला क्षमा नव्हती. उतू गेलेल्या दुधाची उदाहरणे सणावारी निघत, करपलेल्या खिरीसाठी एका दूरच्या मावशीला अजूनही ओळखले जाई. विसरण्याचा सराव कुणालाच नव्हता. मी कपडे वाळत घालायला निघाले आणि वाटेत झाकण उचलून पाहिले. सासूबाईंनी पूजेची फुले आणताना पाहिले. भांडी घासणाऱ्या बाईंनीही, हात पुसून, आदबीने पाहिले. दर वेळी एक उबदार सुस्कारा वर येई, काचेवरचे थेंब आत गळत, आणि फोडी तशाच गोऱ्यापान, जराशा गुलाबी, न्हाऊन बसल्यासारख्या दिसत.

“याला धीर द्यायला हवा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी काचेचे झाकण काढून ओट्यावर ठेवले, पितळी ताट आणले, ते भांड्यावर बेताने टेकवले आणि ताटात तांब्याभर पाणी ओतले. आपल्याकडे झाकणावर पाणी ठेवले की खालची भाजी अंगच्या वाफेत शिजते, तळाला लागत नाही. त्यांच्या आईने तसे केले होते, आजीने तसे केले होते. घेवडा असो, तोंडली असोत, की अमेरिका असो.

“आई, ताईंनी त्याचं झाकण लावायला सांगितलं होतं.”

“हे झाकणच आहे. ते काचेचं टोपीसारखं, त्यावर पाणी राहील का सांग.”

दुपारपर्यंत दालचिनीने घर भरून टाकले. तो वास मऊ होता, तपकिरी होता, त्याला जराशी तिखट झाक होती. पडद्यांत शिरला, उशांत शिरला, सामाईक भिंत ओलांडून पलीकडे गेला आणि पलीकडच्या बेनना हाताला धरून घेऊन आला. या आमच्या गुजराती शेजारीण. उन्हाळ्यात गच्चीवर त्यांच्या छुंद्याच्या बरण्या ओळीने बसत. किसलेली कैरी आणि साखर, तोंडाला मलमल बांधून, उन्हात दिवस दिवस ठेवायची. चुलीचा संबंध नाही. त्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता.

“आ शुं बनावो छो, बेन?” त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ताट उचलले. ताटातले पाणी सांडले, काही टेबलावर, काही थेट सफरचंदांत.

“सफरचंदाचा मुरंबा,” सासूबाई म्हणाल्या. “अमेरिकन.”

बेननी चमचाभर रस काढला, फुंकला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटे विलग केली. आम्ही तिघींनी डोळे बारीक केले. बोटांच्या मधे काही नव्हते.

“तार तो आवतो नथी.”

“येईल,” सासूबाई म्हणाल्या.

“पाणी वर ठेवता, मग कसा येणार? श्वास घेऊ द्या बिचाऱ्याला.” बेनचे मराठी शेजारधर्माचे होते, चालत आले तसे चालणारे. “मलमल बांधा. वाफ जाऊ द्या बहार.”

“वाफ गेली तर शिजेल कशात?”

“आमचा छुंदो शेमां पाके छे? तडकामां.”

“तडका घरात कुठून आणू, बेन? ऊन तुमच्या गच्चीवर.”

पुढचे काही तास आमच्या टेबलावर दोन परंपरा आळीपाळीने राज्य करून गेल्या. बेन मलमल बांधून जात. त्यांची पाठ वळली की सासूबाई ती सोडून ताट ठेवत, पाणी भरत. बेन हिंगाची डबी परत द्यायला येत, मग खिळ्याला अडकवलेली पिशवी न्यायला येत, मग काहीच कारण न सांगता येत, आणि ताट पुन्हा ओट्यावर जाई. त्या दोघी एकमेकींना एका शब्दाने दुखावत नव्हत्या. “तुमचंही बरोबर आहे, बेन,” असे म्हणत जी ती दुसरीचे झाकण काढत होती. आणि भांड्यात, ज्याला विसरून जायचे होते त्या भांड्यात, पिवळसर पेज तयार होत होती.

दारामागे हे सगळे ऐकू जात होते.

“जळतंय,” खोलीतून आवाज आला.

“जळत नाही, बाबा,” मी म्हणाले. “ते जळूच शकत नाही.”

“मग घुमतंय काय?”

“ट्रान्सफॉर्मर.”

बडोद्यात घराघरांत निदान एकाला तरी गाण्याचे अंग असते. आमच्याकडे ते सासऱ्यांना होते. दात गेल्यापासून पहाटेचे गुणगुणणेही बंद होते. आता, भर दुपारी, लोटलेल्या दारामागून एक स्वर आला. मिटलेल्या तोंडाचा, नाकातून उतरलेला, ट्रान्सफॉर्मरच्या स्वराला अगदी चिकटून बसलेला. मग तो वर सरकला, गंधारावर जरा रेंगाळला, पंचमाला हात लावून खाली आला. मिटल्या ओठांच्या गाण्याला दात लागत नाहीत. सासूबाईंचा हात ताटावर तसाच थांबला. बेननी पदर डोक्यावर घेतला, का कोण जाणे, देवळात घेतात तसा.

“त्याला जरा वरच्या पट्टीत घेता येईल का?” खोलीतून विचारणा झाली.

“नाही, बाबा. त्याची एकच पट्टी आहे.”

“पांढरी पाच. थोडी चढलेली,” ते म्हणाले, आणि पुन्हा मिटल्या तोंडाने सुरू झाले.

दिवेलागण झाली. नवरा ऑफिसहून आला, आल्याआल्या त्याने झाकण उचलले. आत पेजच होती, फक्त आता जरा विटकरी. सासूबाई खुर्चीत बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्या खचल्यासारख्या दिसल्या.

“नाही होणार हे,” त्या म्हणाल्या. “ब्रेडवर काय ओतू? हे वाटीतच द्यावं लागणार. मग ते म्हणणार, पुन्हा तेच.”

त्यांना मुरंब्याचे काही पडलेले नव्हते. त्यांना ती समोरची खुर्ची भरायला हवी होती, आणि दिवसभर त्या खुर्चीसमोर उभे राहून त्यांनी एवढेच शिजवले होते.

“आई, आता याच्यावर काहीच ठेवू नका,” मी म्हणाले. “ताट नको, मलमल नको. बघू या.”

बटण पूर्ण फिरवले. आणि मग, हरल्यामुळे असेल, आम्ही तिघेही भोवती बसलो आणि पाहत राहिलो. वाफ सरळ वर जाऊ लागली. पेजेवर एक बुडबुडा आला, फुटला, त्याची वळी राहिली. बाजूंनी रंग गडद होऊ लागला. विटकरीतून कातासारखा, कातातून जुन्या तांब्यासारखा. लाकडी डावाची वाट मागे उरू लागली. बेन आल्या, बोटे विलग करून म्हणाल्या, तार नथीच, पण डावावरून ओघळत नाही हे बरं लक्षण. चौघे जण भांड्यावर ओणवलो होतो. लवंगेचा वास डोळ्यांना लागत होता.

“मला आज जेवायला घालणार आहे का कुणी?”

सासरे दारात उभे होते. तोंडापुढे हातरुमाल. आम्ही सगळ्यांनी एकदम घड्याळाकडे पाहिले आणि मग एकमेकांकडे. दिवसभरात त्या भांड्याला कुणी क्षणभर विसरले नव्हते, आणि त्या नादात त्यांचे ताट खोलीत द्यायचे मात्र साफ राहून गेले होते.

“अहो, देते ना,” सासूबाई लगबगीने उठल्या. “खोलीत आणते.”

“आणि माझ्या जागेवर हे कोण बसलंय?”

“तो मुका आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“मुका कुठला. सकाळपासून डोकं उठवलंय त्याने.” ते पुढे आले, खुर्ची ओढली आणि बसले. कदाचित आपल्या जागेवरचा दावा सांगण्यापुरतेच. महसूल खात्यातल्या माणसाला अतिक्रमण बघवत नाही. “हलवा ते.”

“हलत नाही, बाबा,” नवरा म्हणाला. “वायर पोचत नाही. आणि पोळेल.”

“मग मी कसा जेवू?”

सासूबाईंनी त्यांचे ताट आणले आणि कुकरच्या पलीकडे, त्यांच्यापुढे ठेवले. मग त्या आपल्या नेहमीच्या जागी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या. मधे ते निळ्या फुलांचे ठेंगणे, रुंद भांडे, आणि त्याच्या वर वाफेची जाड लाट. तिच्या पलीकडे सासऱ्यांचे कपाळ दिसत होते, चष्मा दिसत होता, वरचा अर्धा चष्माच म्हणायला हवा. हनुवटी, ओठ, रुमाल, काही दिसत नव्हते.

त्यांच्याही ते लक्षात आले असावे. कारण काही वेळाने टेबलावर, भांड्याच्या कडेला, घडी घातलेला हातरुमाल ठेवलेला दिसला.

बेन “आवजो” म्हणून निघून गेल्या. आम्ही जेवलो. भांड्यापलीकडून भाताचा घास, आमटीचा भुरका, सगळे आवाज येत होते, आणि आम्ही आपापल्या ताटांकडे इतक्या एकाग्रतेने पाहत होतो की नवऱ्याने आमटी समजून ताक भातावर ओतले. शेवटी सासूबाईंनी चमचाभर ते तांबूस, चकाकणारे काहीतरी पोळीच्या मऊ पापुद्र्यावर पसरून पलीकडे सरकवले.



“कसं झालंय?” त्यांनी विचारले.

“याला सफरचंद म्हणायचं?”

“अमेरिकेत मोठी मोठी माणसं खातात.”

“म्हणून तिकडे जावं लागतं माणसांना.” मग ताट जरा पुढे सरकले. “अजून आहे का?”

“आहे की. भांडंभर आहे.”

“साखर जास्त पडली. आणि लवंग कुणी घातली एवढी? तोंड बधिर झालं.”

“बरंच आहे मग हिरड्यांना.”

“हिरड्यांचं मला नको सांगू. आणि ते ताट ठेवत होतीस दिवसभर, पाण्याचं, ते कशाला? मला आतून सगळं कळत होतं.”

“कळत होतं तर यायचं होतं बाहेर सांगायला.”

“तू बोलावलंस का?”

या मुद्द्यावर ते दोघे इतका वेळ भांडले की माझा नवरा कंटाळून बातम्या पाहायला उठला. सासूबाईंनी त्या भरात दोनदा भात घेतला. शेवटी ताट स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळे बरणीत काढले, भांडे घासून पुसले, ट्रान्सफॉर्मर सुटा केला आणि कुकर माळ्यावर ठेवायला उचलला. सासूबाईंनी माझे मनगट धरले.

“राहू दे तिथंच.”

“आज काय करायचंय त्यात, आई?”

“काही नाही.” त्यांनी तो माझ्या हातून घेतला, टेबलाच्या टोकाला, कालच्याच जागी ठेवला, जरा मागेपुढे सरकवून पाहिला, खाली एक दुमडलेला पंचा घालून थोडा उंच केला. मग समोरच्या आपल्या खुर्चीत बसून त्या पलीकडे कुठपर्यंत दिसते ते पाहू लागल्या. समाधान झाल्यावर त्यांनी कुकरच्या पलीकडे सासऱ्यांचे ताट मांडले आणि हाक मारली. ते आले आणि बसले.

जेवण अर्ध्यावर असताना बेन आल्या. सवयीने झाकण उचलले, आत वाकल्या, मग गोंधळून आमच्याकडे पाहू लागल्या.

“आमां तो कंई नथी, बेन.”

“त्याचा आज उपास आहे,” सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, बेनच्या हातातले झाकण घेऊन जागच्या जागी ठेवले, आणि भांड्याला वळसा घालून पलीकडे भात वाढला.